शिकायला भाड्याने राहताय? आधी कागद, मग पैसे, शेवटी सामान

जून ते ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईत, नागपुरात किंवा छत्रपती संभाजीनगरात खोली शोधणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांचा क्रम एकच असतो. जागा आवडली की लगेच टोकन, दोन दिवसांत सामान आणि करार ‘मालक गावाहून आले की’. महिन्याभराने हातात पडतो तो पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरचा नोटरी केलेला कागद. डिपॉझिट अडकले की मग कळते, की या कागदात जोर नाही.

हा क्रम उलटा करायचा आहे. खालची माहिती महाराष्ट्रापुरती आहे. इथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चालतो. समाजमाध्यमांवर ज्याचा दाखला देतात तो केंद्राचा २०२१चा आदर्श भाडेकरू कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. त्यामुळे ‘दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही’ असे मालकाला सुनावण्यात अर्थ नाही. आपल्याकडे डिपॉझिट घासाघीस करूनच ठरते.

## १. घर शोधण्याआधीची तयारी

वसतिगृहाचा अर्ज आधी. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याला मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत तिच्यातून वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे, तर इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. वसतिगृहाचा अर्ज न करताच खोली घेतली, तर पुढे यांपैकी एखाद्या योजनेत अडचण येऊ शकते. भाड्याने राहत असल्याचा पुरावाही लागतो, म्हणून करारात विद्यार्थ्याचे नाव प्रवेशाच्या कागदांवर आहे तसेच हवे.

सही कोण करणार? अकरावी-बारावीचे आणि पहिल्या वर्षाचे बरेच विद्यार्थी १८ पूर्ण झालेले नसतात. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार कायद्याने टिकत नाही. अशा वेळी आई किंवा वडील लायसन्सी (‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या वापर-परवानगीच्या करारात जागा घेणारा) म्हणून सही करतात आणि प्रत्यक्ष राहणाऱ्या मुलाचे नाव करारात स्वतंत्र कलमात लिहितात. चौघे मिळून फ्लॅट घेत असाल तर चौघांची नावे घाला. एकाच्याच नावावर करार असला की भाडे थकले तरी तोच जबाबदार आणि डिपॉझिटवर हक्कही त्याचाच. बाकीचे तिघे कागदावर पाहुणे.

आधार तपासा. ऑनलाइन नोंदणीत अंगठ्याचा ठसा लागतो आणि ऐन वेळी घोडे इथेच अडते. लहानपणी काढलेल्या आधारचे बोटांचे ठसे १५व्या वर्षानंतर अद्ययावत करावे लागतात. ते राहून गेले असेल तर ठसा जुळत नाही. एम-आधार ॲपमध्ये बायोमेट्रिक कुलूप लावलेले असेल, तर तेही त्या दिवशी उघडून ठेवावे लागते. मूळ गावी असतानाच हे उरका. सोबत पॅन कार्ड, प्रवेशाची पावती किंवा बोनाफाइड आणि पासपोर्ट आकाराचे फोटो ठेवा.

मुदत परीक्षेशी जुळवा. अकरा महिने म्हणजे नेमके कधीपर्यंत ते कॅलेंडरवर मोजा. १५ जूनला सुरू झालेला करार १४ मे रोजी संपतो आणि कित्येक अभ्यासक्रमांच्या परीक्षा तेव्हा चालू असतात. मुदत संपल्यावर जागा अडवून बसणे किती महाग पडते ते शेवटच्या टप्प्यात येईलच. परीक्षा लांबण्याची सवय असलेल्या विद्यापीठात शिकत असाल, तर सरळ १२ किंवा १३ महिन्यांचा करार मागा. ‘अकराच महिन्यांचा करावा लागतो’ हा समज आहे. एक वर्षापेक्षा कमी मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागत नाही, या इतर राज्यांतल्या सोयीतून तो आला. महाराष्ट्रात करार किती महिन्यांचाही असो, नोंदणी सक्तीचीच आहे. मग अकराचा हट्ट कशाला?

## २. माणूस खरा आहे का, ते पाहा

जागेआधी मालक तपासायचा. चार गोष्टी मागा: वीजबिल, मिळकत कराची पावती, मालकाचे ओळखपत्र आणि शक्य असल्यास खरेदीखताची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा). सूची क्रमांक २ नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत शोधताही येते. त्यासाठी गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक लागतो. सगळीकडे एकच नाव आले पाहिजे. वीजबिल अजून बिल्डरच्या किंवा वारलेल्या आजोबांच्या नावावर असते, हे अगदी नेहमीचे. पण मग बाकीच्या कागदांवरून साखळी जुळायला हवी.

मालक परदेशात असेल आणि भाऊ किंवा मेहुणा व्यवहार करत असेल, तर त्याच्याकडे कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) हवे आणि त्यात भाड्याने देण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. एजंटाच्या सहीला काही किंमत नाही.

> सावधान: ‘मी लष्करात आहे, बदली झाली, चावी गेटवर मिळेल, आधी गेटपासचे पैसे भरा’ हा फसवणुकीचा ठरलेला साचा आहे. फोटोतला फ्लॅट भारी आणि भाडे निम्मे असते. पैसे *मिळवण्यासाठी* क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. जागा आतून पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

## ३. जागा पाहताना

इथे फार लिहिण्यासारखे नाही, फक्त संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा जा. पाणी किती वाजता येते, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कोण देते, हे शेजारच्यांना विचारा. वीजमीटर स्वतंत्र आहे की सबमीटर, ते पाहा. सबमीटर असेल तर युनिटचा दर आधीच ठरवून घ्या. पाइपच्या गॅसची जोडणी असेल तर मागची थकबाकी तपासा.

सोसायटीबद्दल एक खुलासा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला सदनिका लिव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, पूर्वसूचना द्यावी लागते. त्यामुळे विद्यार्थ्यांसाठी ‘एनओसी फी’ किंवा सामान चढवण्याची वेगळी रक्कम कोणी मागितली, तर कोणत्या ठरावानुसार हे लेखी विचारा. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल संस्था जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. शासनाने ही मर्यादा २००१ मध्ये घातली. हे शुल्क सभासदाचे आहे, तुमचे नाही.

पण एखाद्या मालकालाच विद्यार्थी नको असतील, तर त्याला भाग पाडणारा कायदा नाही. तिथे वाद घालण्यात दुपार घालवू नका.

## ४. अटी तोंडी नाही, मसुद्यात

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एजंट तयार छापील मसुदा आणतो आणि ‘सगळ्यांचा हाच असतो’ म्हणतो. तो मसुदा मालकाच्या बाजूने लिहिलेला असतो. १९९९च्या कायद्याच्या कलम २४ नुसार लायसन्सचा लेखी करार त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे मालक चहा पाजून ‘अहो, रंगाचे पैसे नाही कापत मी’ म्हणाला आणि करारात कापण्याचे कलम असले, तर कलम खरे ठरते. मसुदा सहीच्या किमान दोन दिवस आधी मागून घ्या आणि पुढच्या जागा बोटाने शोधा.

डिपॉझिट. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात. परत कधी? ‘जागा रिकामी केल्यावर’ हे पुरेसे नाही. ‘चावी परत दिल्याच्या दिवशी, बिले वजा करून’ असे लिहून घ्या. मालक तयार नसेल तर निदान ‘सात दिवसांच्या आत’. कपात फक्त दुरुस्तीच्या पावत्यांसह होईल आणि रोजच्या वापराची झीज धरली जाणार नाही, हे वाक्य हवेच.

रंगकाम आणि सफाई. पुण्यात अनेक मालक जाताना रंगासाठी एक महिन्याचे भाडे कापतात. अशी कोणतीही सक्ती कायद्यात नाही, ती फक्त करारातून येते. देणार नसाल तर कलम खोडा. देणार असाल तर आकडा लिहा.

लॉक-इन आणि नोटीस. लॉक-इन म्हणजे त्या काळात सोडले तर उरलेले भाडे भरावे लागणार. ते दोन्ही बाजूंना लागू आहे ना, ते पाहा. पुष्कळ मसुद्यांत विद्यार्थ्याला सहा महिने लॉक-इन आणि मालकाला मात्र पंधरा दिवसांच्या नोटिशीवर बाहेर काढायची मुभा असते. नोटीस एक महिन्याची, दोघांनाही सारखी. प्रवेश रद्द झाला किंवा दुसऱ्या फेरीत दुसऱ्या शहरातले महाविद्यालय मिळाले तर लॉक-इन लागू नाही, हे कलम विद्यार्थ्यांनी जरूर मागावे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या काळात याची गरज दर वर्षी पडते.

रूममेट बदलला तर. जाणाऱ्याचा डिपॉझिटचा वाटा मालकाने द्यायचा की येणाऱ्याने, ते लिहा. नवा माणूस मालकाच्या लेखी संमतीने आणि पूरक कराराने येईल, हेही लिहा. नाहीतर तो पोटभाडेकरू ठरतो आणि करार मोडल्याचे खापर सगळ्यांवर फुटते.

मालकाचे येणे-जाणे. आधी कळवून, दिवसा. मुलींच्या फ्लॅटसाठी हे कलम वगळू नका.

सामानाची यादी. पंखे, ट्यूब, गिझर, गाद्या, कपाटे, चाव्यांचे संच आणि प्रत्येकाची अवस्था. ‘गिझर – चालू, झाकणाला चीर’ इतके बारीक. यादी कराराला जोडा.

> तपासा: भाड्यात मेंटेनन्स धरला आहे का? वीज, इंटरनेट, कचरा, पाण्याचा टँकर यांपुढे कोणाचे नाव आहे? कोरी ठेवलेली एकही जागा नको.

## ५. नोंदणी

१९९९च्याच कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे असल्याचे मालकाला सिद्ध करावे लागते. नोंदणी टाळणाऱ्या मालकाला हे शांतपणे दाखवा, बहुधा तो तयार होतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्चाचा बाऊ करतात, म्हणून हिशेब मांडतो. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. एकूण रक्कम म्हणजे पूर्ण मुदतीचे भाडे, अधिक परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, अधिक परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले व्याज.

समजा भाडे २५,००० रुपये, डिपॉझिट ७५,००० आणि मुदत ११ महिने.
- भाडे: २,७५,०००
- डिपॉझिटवरचे व्याज ११ महिन्यांचे: ६,८७५
- एकूण: २,८१,८७५, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ७०५ रुपये
- नोंदणी फी: शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००

म्हणजे शहरात १,७०५ रुपये. वर दस्त हाताळणी शुल्क आणि घरी येऊन ठसे घेणाऱ्या एजंटाची फी. सरकारी खर्च चौघांत वाटला तर माणशी सव्वाचारशे. मालकाशी निम्मा-निम्मा केला, तर त्याहून अर्धा.

नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन किंवा विभागाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन होते. ऑनलाइनचा क्रम असा:

१. मिळकतीचा तपशील, दोन्ही पक्ष, भाडे, डिपॉझिट, मुदत आणि अटी भरणे.
२. मसुदा वाचून तपासणे. टप्पा ४ मधली तुमची कलमे यात आली आहेत का, ते इथेच पाहायचे. एजंट बहुधा ठराविक कलमेच टाकतो.
३. ‘ग्रास’ या सरकारी भरणा प्रणालीतून मुद्रांक शुल्क आणि फी भरून चलन जोडणे.
४. वेबकॅमवर फोटो आणि अंगठ्याचे ठसे.
५. दस्त सादर करणे. कार्यालयाने तपासल्यावर नोंदणी क्रमांक मिळतो.

> सावधान: ठसे दिले म्हणजे नोंदणी झाली असे नाही. त्रुटी निघाल्यास दस्त परत येतो आणि एजंट ते सांगतोच असे नाही. नोंदणी क्रमांक असलेली प्रत आणि सूची क्रमांक २ हातात येईपर्यंत पाठपुरावा करा.

सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला सादर करावा लागतो. त्यानंतर दंड भरावा लागतो.

## ६. पैसे आणि चावी, एकाच दिवशी

टोकन द्यावेच लागले तर ते लहान ठेवा आणि ‘करार न झाल्यास इतक्या दिवसांत परत’ असा मालकाचा संदेश घेऊन मगच द्या. टोकन एजंटाच्या नव्हे, मालकाच्या खात्यात. डिपॉझिट द्यायचे ते करारावर ठसे झाल्यावर, बँकेतून. मालकाने रोखच हवे असा आग्रह धरला, तर महसूल तिकीट लावलेली सही असलेली पावती घ्या. दलाली ठरावीक नाही, पुण्या-मुंबईत साधारण एक महिन्याचे भाडे मागतात. ती चावी मिळाल्यावरच द्यावी.

चावी घेतली की सामान आत नेण्याआधी सगळ्या खोल्यांचा सलग व्हिडिओ काढा: भिंतींचे डाग, सिंकखालची गळती, खिडकीच्या तुटलेल्या काचा. वीजमीटरचा आकडा फोटोत स्पष्ट दिसू द्या. हे सगळे त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. फोनमध्ये नुसते ठेवलेले फोटो वर्षाने ‘हे कधीचे कोण जाणे’ ठरतात. पाठवलेल्याला तारीख असते.

## ७. पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे हे मालकाचे काम आहे. पोलिसांच्या आदेशानुसार ती दिली नाही, तर कारवाई मालकावर होते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून ती भरता येते. तुम्ही कागद द्या आणि पोचीची प्रत मागून घ्या, कारण सोसायटीचे गेट अनेकदा तिच्यावाचून उघडत नाही. सोसायटीला सूचना, कराराची प्रत आणि पोलिसांकडची पोच मालकाने द्यायची असते.

## ८. कॉट बेसिस किंवा पीजी असेल तर

म्हणजे अख्खी जागा नव्हे, नुसती खाट किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहणे. इथे बहुधा करार होत नाही, नियमांचा कागद आणि पावती मिळते. म्हणून पावतीच करारासारखी करून घ्या: नाव, खोली आणि कॉट क्रमांक, डिपॉझिट, महिन्याचा दर, जेवण आणि लाँड्री धरली आहे की नाही, नोटिशीचे दिवस, सुट्टीत गावी गेल्यास मेसचे पैसे वजा होतात का.

जीएसटी लावत असतील तर विचारा. १५ जुलै २०२४ पासून माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या निवासाला, सलग किमान ९० दिवस राहत असल्यास, जीएसटी माफ आहे.

पीजी ही सेवा असल्याने तक्रार ग्राहक आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवून पाहा, बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. रॅगिंगचा त्रास खासगी होस्टेलवरही होऊ शकतो. तशी तक्रार महाविद्यालयाकडे आणि १८००-१८०-५५२२ वर करावी.

## ९. सोडताना, आणि डिपॉझिट अडकले तर

नोटीस लेखी द्या. तोंडी सांगितलेली नोटीस मालकाला हमखास आठवत नाही. शेवटच्या आठवड्यात वीजबिल त्या दिवसाच्या आकड्यापर्यंत चुकते करा. टप्पा ६ मधला व्हिडिओ समोर ठेवून मालकासोबत खोली-खोली फिरा आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्या. चावी दिल्याची पोच घ्या. शेवटच्या महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून वळते करायचे असेल, तर मालकाची लेखी संमती असल्याशिवाय करू नका.

डिपॉझिट मिळत नाही म्हणून जागा अडवून बसणे ही सर्वांत महागडी चूक. मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्या लायसन्सीकडून कलम २४ खाली ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई घेता येते. त्यासाठी मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. कुलूप बदलणे किंवा सामान जिन्यात टाकणे हा त्याचाही मार्ग नाही. तसे घडलेच तर ११२ वर फोन करा आणि करार दाखवा.

पैसे अडकल्यावरचा क्रम:

१. रक्कम, चावी दिल्याची तारीख आणि बँक खाते लिहून मालकाला मागणीचा संदेश आणि ईमेल.
२. पंधरा दिवस वाट पाहून पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने लेखी नोटीस, कराराच्या आणि बँक व्यवहाराच्या प्रतीसह.
३. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीत तडजोड करण्याची सोय इथे आहे आणि पन्नास-साठ हजारांच्या वादाला तीच परवडते.
४. तरीही नाही, तर दिवाणी दावा. कोणत्या न्यायालयात, ते शहरानुसार बदलते, म्हणून प्राधिकरणाच्या वकिलाकडून विचारून घ्या.

दाव्याची मुदत तीन वर्षे आणि ग्राहक आयोगाकडची दोन वर्षे. तोवर करार, सूची क्रमांक २, पावत्या आणि चॅट जपून ठेवा आणि फोन बदलताना बॅकअप घ्यायला विसरू नका.